खाज, शिंका आणि दम : दोष गाजरगवताचा, माणसाचा नव्हे

वर्षावास सुरू झाला की संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतात. दिवसभर निंदणाला गेलेल्या बाया हातपाय धुऊन येतात, मुले पुढे बसतात, म्हातारी माणसे भिंतीला टेकतात. भातकुलीकडच्या काळ्या खारपाण जमिनीत या दिवसांत पाय रुततो, धुरे हिरवे होतात आणि पांदणीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या बारीक फुलांचे रान माजते. वाचन चालू असताना मागच्या ओळीतून शिंका ऐकू येऊ लागतात. एकाची थांबली की दुसऱ्याची सुरू. कोणी डोळे चोळतो, कोणी मान खाजवतो. "पावसाळ्याचं पाणी बाधलं" असे म्हणून आपण विषय सोडून देतो.

आम्हीही बरीच वर्षे तो असाच सोडून दिला होता. आमचे डोळे उघडले ते एका मावशींमुळे. या मावशी मजुरीच्या टोळीत निंदणाला जातात. दर पावसाळ्यात त्यांचा चेहरा लाल होई, पापण्या सुजत, मानेवर, कोपराच्या वळीत आणि मनगटावर खाज सुटे. दिवाळीनंतर थोडे कमी होई. पुढच्या पावसात पुन्हा तेच, आणि पहिल्यापेक्षा जास्त. चार-पाच वर्षांत कातडी काळी, जाड आणि चरबरीत झाली. विहारात त्या दाराजवळ बसू लागल्या. चहा आला की म्हणत, "मले नोको वो बाई, मी घरूनच पेऊन आली."

पुढे कळले की टोळीत त्यांचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला जात होता. "महारोग असल, आपल्याले लागल" अशी कुजबुज होती. आणि पेला वेगळा ठेवणाऱ्या बाया परक्या नव्हत्या, आपल्याच वस्तीतल्या होत्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला आपल्या अमरावतीत त्यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. त्या वारशाच्या वस्तीत आजारपणाच्या नावाखाली एका बाईचा पेला पुन्हा वेगळा झाला, ही गोष्ट आम्हाला फार लागली.

मावशींना आम्ही सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी चट्टे तपासले. बधिरपणा कुठेच नव्हता. कुठे काम करता, आजार कोणत्या महिन्यात वाढतो, घरी आणखी कोणाला आहे का, हे विचारले आणि सांगितले, "हा महारोग नाही. हा गाजरगवताचा त्रास आहे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही." मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग एवढेच बोलल्या, "मंग माहा पेला काहून वेगळा ठेवला?"

त्या प्रश्नामुळे हा लेख लिहिणे आले.

गाजरगवत आले कोठून ?

पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली असतात म्हणून गाजरगवत. कोणी काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. नावात गवत असले तरी ते गवत नाही. ते सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातील झुडूप आहे. त्याचे मूळ अमेरिका खंडात, मेक्सिकोच्या बाजूला.

आपल्याकडे ते १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आले. अमेरिकेहून आयात झालेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथून ते रस्ते, रेल्वेरूळ, कालवे आणि गुरांच्या बाजारांच्या वाटेने देशभर पसरले. एक झाड दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बी देते. बी इतके हलके की वारा, पाणी, बैलगाडीचे चाक, ट्रॅक्टरचा टायर यांबरोबर सहज जाते आणि मातीत काही वर्षे जिवंत राहते. ओल मिळाली की उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येते. त्यामुळे वर्षातून त्याच्या अनेक पिढ्या निघतात. गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. लावलेच तर दूध कडवट होते.

पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांना १९७० च्या आगेमागे शेतकरी आणि मजूर यांच्यात हा कातडीचा आजार मोठ्या प्रमाणात दिसू लागला. म्हणजे मावशींचे दुखणे नवे नाही. वैद्यकाला ते पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. ते ज्ञान आपल्या वस्तीपर्यंत पोचले नाही, एवढेच.

शरीरात काय घडते ?

परागकण म्हणजे फुलातली बारीक भुकटी. गाजरगवताचा परागकण आपल्या केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढासुद्धा क्वचितच भरतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण श्वासाबरोबर नाकात जातो. खरे तर तो निरुपद्रवी आहे. परंतु काही माणसांचे शरीर त्याला शत्रू समजते. चोर नसताना पहारेकऱ्याने गावभर आरडाओरडा करावा, तसे होते. शरीर त्याच्याविरुद्ध खास प्रकारची प्रतिद्रव्ये तयार करते. पुढच्या वेळी परागकण आत आला की नाकातील, डोळ्यांतील पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. त्यानेच खाज, सूज, पाणी आणि शिंका. यालाच अ‍ॅलर्जी म्हणतात.

हा शोध फार जुना नाही. १८१९ मध्ये जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टराने स्वतःच्याच दर उन्हाळ्यात येणाऱ्या शिंकांचे वर्णन लिहिले. १८७३ मध्ये चार्ल्स ब्लॅकली याने स्वतःच्या नाकात आणि कातडीवर पराग लावून दाखवून दिले की दोष गवताच्या परागाचा आहे. १९०६ मध्ये फॉन पिर्के याने 'अ‍ॅलर्जी' हा शब्द दिला. या लोकांनी नशिबाला, नजरेला बोल लावला नाही. कारण शोधले. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते, ही तथागतांनी घालून दिलेली विचाराची रीत दवाखान्यातही तीच आहे.

कातडीचा आजार मात्र थोड्या वेगळ्या वाटेने होतो. गाजरगवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पाने, खोड, फुले आणि अंगावरची बारीक लव यांत ते असते. वारंवार स्पर्श झाला की काहींचे शरीर त्याच्यावर चिडते. याचा परिणाम लगेच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून कारण लक्षात येत नाही. वाळलेल्या झाडाची धूळ उडून चेहऱ्यावर बसली तरी पुरते. उन्हाने त्रास वाढतो. एकदा शरीर चिडके झाले की बहुधा ते तसेच राहते. म्हणून सुरुवातीलाच सावध होणे महत्त्वाचे.

सगळा दोष एकट्या गाजरगवताचा नाही. पावसाळ्यानंतर खऱ्या गवतांचा पराग असतो, माघ-फाल्गुनात काही झाडांचा. तूर-सोयाबीनच्या मळणीची धूळ, कुटार, घरातली जुनी गोधडी आणि चुलीचा धूर हेही नाक-छातीला छळतात. म्हणून त्रास कधी आणि कोठे होतो हे एका वहीत लिहून ठेवावे. तारीख, काम, त्रास, एवढेच तीन रकाने. दोन-तीन महिन्यांत कारण आपोआप दिसू लागते आणि डॉक्टरांनाही ती वही फार उपयोगी पडते.

ओळखायचे कसे ?

साधी सर्दी चार-आठ दिवसांत जाते. बहुधा अंग दुखते, ताप येतो, पुढे शेंबूड घट्ट होतो. अ‍ॅलर्जीत ताप नसतो. सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, नाक, डोळे आणि टाळूला खाज, आणि हे आठवडेच्या आठवडे, दरवर्षी त्याच दिवसांत. मूल नाक सारखे तळहाताने वर चोळत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल, शाळेत पेंगत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याचे नाक तपासून घ्या.

रात्री किंवा पहाटे खोकला येणे, छातीत शिटीसारखा आवाज येणे, धाप लागणे ही दम्याची चिन्हे आहेत. नाकाच्या अ‍ॅलर्जीबरोबर दमा अनेकांना असतो. त्याकडे दुर्लक्ष करू नये.

आणि महारोगाविषयी स्पष्ट बोलू. महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, खाजत नाही. गाजरगवताचा चट्टा प्रचंड खाजतो, आणि कपड्यांबाहेरच्या भागावर, म्हणजे चेहरा, पापण्या, मान, हात यांवर जास्त असतो. तरीही निदान डॉक्टरांनीच करावे. आणि समजा, कोणाला महारोग निघालाच, तरी काय ? त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध आहे, तो पूर्ण बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर त्याची लागण थांबते. म्हणजे पेला वेगळा ठेवण्याचे कारण तेव्हाही नव्हते आणि आताही नाही. विनयपिटकातील कथा आपण विहारात ऐकतो. आजारी, घाणीत पडलेल्या भिक्खूला इतरांनी टाकले होते. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली. ही कथा आपण ऐकतो आणि बाहेर येऊन पेला वेगळा ठेवतो, हे कसे चालेल ?

आमचीच चूक

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. मावशींच्या निदानानंतर आम्ही उत्साहाने विहाराच्या आवारात श्रमदान ठेवले. दिवस भादव्याचे. गाजरगवत कमरेएवढे आणि पूर्ण फुलावर आलेले. वीस-पंचवीस जणांनी उघड्या हातांनी ते उपटले, मुलांनी खांद्यावरून वाहिले, आणि ढीग करून पेटवून दिला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाच-सहा जणांचे डोळे सुजले. एका मुलाला धाप लागली आणि त्याला रात्री दवाखान्यात न्यावे लागले. मूल बरे झाले, पण त्याच्या आईचा चेहरा आम्ही विसरलो नाही. शिवाय उपटताना झडलेले बी पुढच्या पावसात दुपटीने उगवले. भावना चांगली असून भागत नाही, रीतही बरोबर लागते. ती रीत पुढे देत आहोत.

गाजरगवत काढण्याची बरोबर रीत

१) वेळ : फुले येण्याआधी काढावे. पहिल्या पावसानंतर रोप वीतभर असताना, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. नुसते कापले तर ते पुन्हा फुटते. एकदा काढून भागत नाही. पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी फेरी मारावी.

२) पेहराव : पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट किंवा बंद चप्पल, नाका-तोंडावर दुपट्टा दुहेरी बांधलेला. हातमोजे नसतील तर दुधाच्या किंवा खताच्या जाड प्लॅस्टिक पिशव्या हातांना बांधाव्यात. काम झाल्यावर साबणाने हात-तोंड धुवावे, आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत.

३) कोणी काढू नये : ज्यांना दमा आहे, शिंकांचा किंवा कातडीचा त्रास आहे, त्यांनी आणि लहान मुलांनी या कामापासून दूर राहावे. त्यांनी पाणी पाजावे, हजेरी लिहावी. तेही श्रमदानच.

४) जाळू नये : ओले झाड धुमसते आणि धूर सगळ्या वस्तीत भरतो. फुलाआधी काढलेले गाजरगवत खड्ड्यात शेण-मातीच्या थरांत कुजवावे, चांगले खत होते. फुलावर आलेले मात्र खतात घालू नये, बी शेतात जाईल. ते खोल खड्ड्यात पुरावे.

५) तरोटा पेरावा : आपल्या वऱ्हाडात कोवळ्या तरोट्याची भाजी आपण खातोच. हा तरोटा दाट वाढून गाजरगवताला जागा देत नाही. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळल्या की बी गोळा करावे आणि पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला, पडीक जागेत फेकावे. विहाराच्या आवारात झेंडू लावला तरी तेच काम होते आणि पूजेला फुलेही मिळतात.

६) किडा मारू नये : पांढुरक्या पाठीवर तपकिरी पट्टे असलेला छोटा भुंगा गाजरगवतावर दिसेल. मेक्सिकोतून हा भुंगा भारतात आणून १९८४ पासून सोडण्यात आला. तो आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करतात. पावसाळ्यात तो जमिनीतून वर येतो. हा आपला मित्र आहे.

७) मीठ फवारू नये : मिठाचे कडक पाणी फवारण्याचा सल्ला काही ठिकाणी देतात. त्याने झाड जळते हे खरे. पण आपली जमीन आणि विहिरी आधीच खाऱ्या. त्यात आणखी मीठ ओतणे शहाणपणाचे नाही.

जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. तो नेमका वर्षावासात येतो. पहिली फेरी त्याही आधी, आषाढी पौर्णिमेच्या आसपास करावी आणि दुसरी या सप्ताहात.

वस्तीची जागा आपण काढू, पण रस्त्याकडेचे, नालीकाठचे, शाळेच्या पटांगणातले गवत काढणे हे ग्रामपंचायतीचे, भातकुलीत नगरपंचायतीचे काम आहे. तोंडी सांगून फाइल हलत नाही, हे आम्ही कारकुनी करताना रोज पाहतो. साध्या कागदावर अर्ज करावा. त्यात जागेचे नाव, अंदाजे लांबी-रुंदी, जवळची शाळा किंवा अंगणवाडी, त्रास होणाऱ्यांची संख्या लिहावी, आणि 'फुलोऱ्यापूर्वी काढावे' हे शब्द जरूर घालावेत. दोन प्रती कराव्यात, एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. काम न झाल्यास तीच पोच ग्रामसभेत वाचावी. आणि सफाई कामगारांना हे काम देताना हातमोजे आणि बूट द्यावेत, अशी मागणीही त्याच अर्जात करावी. तेही आपलेच भाऊबंद आहेत.

औषधोपचार

हंगामात पहाटे खिडकी बंद ठेवावी. कपडे धुऱ्याजवळ किंवा गवताकडेला वाळवू नयेत. शेतातून आल्यावर चेहरा, डोळे धुवावेत, केसांवर ओला रुमाल फिरवावा. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून नाक धुतल्यास आराम पडतो. यासाठी विहिरीचे किंवा नळाचे कच्चे पाणी वापरू नये.

सेटिरिझिनसारख्या गोळीने शिंका व खाज कमी होते. पण काहींना तिने झोप येते. ती घेऊन थ्रेशरवर काम करू नये, गाडी चालवू नये. नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घातले तर नाक उलट अधिक चोंदते. त्रास रोजचा असेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा देतात. त्याचा गुण एका दिवसात येत नाही, काही दिवस नियमित वापरावा लागतो.

दम्यासाठी पंप हे सर्वांत चांगले औषध आहे. "पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. पंपातून औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून थोडे पुरते. एक पंप धाप लागल्यावर आराम देणारा, दुसरा धाप लागू नये म्हणून रोज घ्यायचा. बरे वाटले म्हणून दुसरा परस्पर बंद करू नये. रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कातडीच्या त्रासावर दुकानातून परस्पर मलम आणून चेहऱ्यावर चोळू नये. त्यातील अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. आधी गोरेपणा दिसतो, मग कातडी पातळ होऊन अधिक बिघडते. 'एक सुई घ्या, हंगामभर बघायला नको' असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. अशा सुया वारंवार घेतल्याने मधुमेह, रक्तदाब, हाडांची ठिसूळता मागे लागते.

मृगाला माशातून दिले जाणारे औषध, कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे औषध, यांच्यामागे आपली माणसे उसने पैसे काढून धावतात. त्याने दमा बरा होतो याला पुरावा नाही. उलट त्या भरवशावर पंप बंद करून माणूस जीव धोक्यात घालतो. तीच गोष्ट नजर उतरवण्याची, गंडेदोऱ्यांची. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात गंडा शोभत नाही. आणि खर्चाची भीती असेल तर हे ध्यानात ठेवा : महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. हक्काने जावे.

वऱ्हाडच्या मातीने आपल्याला गाडगेबाबा दिले. शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मले, आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, भातकुलीपासून फार दूर नसलेल्या वलगावजवळ पेढी नदीकाठी गेले. गावात शिरताच ते आधी खराट्याला हात घालीत. बाहेरची घाण झाडून झाली की रात्री कीर्तनात माणसांच्या मनातली झाडीत. आपल्यालाही दोन्ही कामे करायची आहेत.

मावशींचे शेवटी काय झाले ? कातडी पूर्वीसारखी झाली नाही, कदाचित होणारही नाही. पण खाज पुष्कळ कमी झाली. निंदणाची रोजी काही दिवस बुडाली, त्याची भरपाई कोणी केली नाही. मात्र टोळीतल्या बायांनी आपसात ठरवले की गाजरगवत माजलेला धुरा मावशींच्या वाट्याला द्यायचा नाही. त्यांनी मधल्या तासात निंदावे आणि रोजी सर्वांएवढीच घ्यावी. ज्या बाईने पेला वेगळा ठेवला होता, तिनेच ही सूचना केली.

गेल्या पौर्णिमेला विहारात चहा झाला. मावशी आता दाराजवळ बसत नाहीत. ताट फिरत फिरत त्यांच्यापुढे आले. त्यांनी सगळ्यांतलाच एक पेला उचलला आणि चहा घेतला.

जयभीम !